चूक कळते, तर सत्य कळतच नाही असे कसे म्हणावे?

(एक लेख आणि त्यावरचे प्रतिसाद; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

अधोरेखित

सध्या हातोहात फिरणाऱ्या एका छोट्या टिपणाने मला गेले चार दिवस अस्वस्थ केले आहे. त्याला दोन ओळींत उत्तर देणे अप्रामाणिकपणाचे होईल, म्हणून सविस्तर लिहीत आहे. टिपणाचा आशय असा: पृथ्वी स्थिर आहे हे एके काळी सत्य होते, न्यूटनचे नियम एके काळी सत्य होते, ती सारी सत्ये पुढे खोटी ठरली, आजची उद्या खोटी ठरतील, आणि म्हणून सत्य माणसाला कधीच कळू शकत नाही, ज्याला जे पटते तेच त्याचे सत्य.

संशयवाद ही जुनी आणि आदरणीय भूमिका आहे, तिच्याशी माझे भांडण नाही. मला राग आला तो "सत्य होते" या दोन शब्दांचा. पृथ्वी स्थिर आहे हे कधीही सत्य नव्हते, ते सत्य मानले जात होते. मानणे आणि असणे यांतला हा फरक पुसला की पुढचा सगळा निष्कर्ष आपोआप निघतो, आणि तो पुसण्याचे काम टिपणकर्त्याने पहिल्याच वाक्यात उरकून घेतले आहे.

एक उदाहरण देतो. १८४६ साली फ्रेंच गणिती ल व्हेरिये याने युरेनसच्या कक्षेतील विसंगतीवरून असे गणित मांडले की पलीकडे एक न दिसलेला ग्रह असला पाहिजे. त्याने सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत, बर्लिनच्या वेधशाळेतील गाले याला २३ सप्टेंबरच्या रात्री तो ग्रह सापडला, तोच नेपच्यून. पुढे १८५९ साली त्याच ल व्हेरियेने बुधाच्या कक्षेतली विसंगती मांडली: बुधाचा उपसूर्यबिंदू, म्हणजे कक्षेतला सूर्याच्या सर्वांत जवळचा बिंदू, न्यूटनच्या गणिताने सरकायला हवा त्यापेक्षा किंचित जास्त सरकत होता. त्याने तोच युक्तिवाद पुन्हा केला, सूर्य आणि बुध यांच्या मध्ये आणखी एक ग्रह असल्याचे सांगितले, त्याला 'व्हल्कन' असे नाव मिळाले, आणि तो सूर्यबिंबावरून सरकताना आपण पाहिला असे सांगणारा एक हौशी निरीक्षकही भेटला. व्हल्कन नव्हता. शतकाला सुमारे ४३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) इतक्या त्या फरकाचा उलगडा नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्ताने झाला.

आता टिपणकर्त्याला मी विचारतो, की व्हल्कन ही चूक होती हे तुम्हाला कशावरून कळले? चूक म्हणायला काहीतरी बरोबर हाती असावे लागते. शिवाय सिद्धान्त बदलला तरी त्या ४३ विकला बदलल्या नाहीत. उद्या आइन्स्टाइनच्या जागी दुसरे कोणी आले तरी त्यालाही त्यांचा हिशेब द्यावाच लागेल. माणसाला सत्य संपूर्ण कळत नाही, हे मला मान्य आहे. ते तुकड्यातुकड्याने कळते, आणि आपली चूक आपल्याला सापडते हीच त्याची खूण आहे.

कोरा कागद

लेखकाने स्वतःच्या बाजूने दिलेले उदाहरण त्याच्याच विरुद्ध जाते, हे त्याच्या लक्षात आलेले दिसत नाही.

१८६५ सालच्या एखाद्या सुजाण वाचकाची कल्पना करा. त्याच्यापुढे दोन दावे आहेत, नेपच्यून आणि व्हल्कन. दोन्हींमागे तोच गणिती, तोच सिद्धान्त, तीच पद्धत. दोन्हींना प्रत्यक्ष पाहिल्याची साक्ष आहे. एक खरा आणि एक खोटा, हे त्याने कशावरून ओळखायचे? ल व्हेरिये स्वतः १८७७ साली वारला तोपर्यंत त्याला ते ओळखता आले नाही. खात्री बाळगणाऱ्याला आतून खरे आणि खोटे सारखेच भासते, आणि प्रश्न नेमका तोच आहे. सत्य असते की नाही याच्याशी मला कर्तव्य नाही, खुशाल असो. ते असूनही माझ्या हाती ते आहे की त्याची नक्कल, हे मला कधीच सांगता येणार नसेल, तर "कळते" या क्रियापदाला अर्थ काय उरतो?

चूक सापडते म्हणजे सत्य सापडते, हेही मला मान्य नाही. चूक सापडते म्हणजे एक मत दुसऱ्या मताशी जुळत नाही असे दिसून येते, आणि आपण नव्याच्या बाजूला उभे राहतो. जे ज्ञान आज दुसऱ्याला बाधित करते, म्हणजे खोटे ठरवते, ते उद्या स्वतः बाधित होणार नाही, याची हमी लेखकाने कुठेही दिलेली नाही.

पूर्वपक्ष

हा वाद आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी याहून बारकाईने झाला आहे, आणि त्याची आठवण न ठेवता आपण पहिल्या पायरीपासून सुरुवात करतो याचे मला नेहमीच वाईट वाटते. मीमांसा दर्शनाच्या विचारवंतांनी प्रामाण्य, म्हणजे ज्ञानाचा खरेपणा, स्वतः, म्हणजे ज्ञानाबरोबरच येणारे, मानले: ज्ञान झाले की ते प्रमाणच, जोवर बाधक ज्ञान येत नाही तोवर. न्याय दर्शनाच्या नैयायिकांनी ते परतः, म्हणजे बाहेरच्या कसोटीवर ठरणारे, मानले: ज्ञान खरे की खोटे हे त्याच्याकडे पाहून कळत नाही, त्यानुसार वागून प्रवृत्ती, म्हणजे ती कृती, सफल झाली की कळते. 'कोरा कागद' यांनी मांडलेली अडचण, म्हणजे आतून दोन्ही सारखेच भासतात ही, नैयायिकांनी आधीच मान्य केलेली आहे, आणि तिच्यावरचा तोडगाही त्यांनीच दिला आहे.

नैयायिकांपैकीच उदयनाचार्य एक पाऊल पुढे गेले. शंकेला अंत नाही असे म्हणणाऱ्याला ते व्याघात, म्हणजे त्याच्या बोलण्याचा त्याच्याच वागण्याशी येणारा विरोध, दाखवतात. या परंपरेतलीच उदाहरणे घ्या: धूर अग्नीपासून होतो की नाही याची ज्याला खरोखर शंका आहे, तो धूर हवा असताना अग्नीच का पेटवतो? भूक अन्नाने शमते की नाही अशी शंका घेणारा जेवायला का बसतो? ज्या शंकेवर शंका घेणारा स्वतः एक दिवसही जगत नाही, ती शंका तोंडाने उच्चारलेली असते, मनात आलेली नसते. 'कोरा कागद' यांनी आज सकाळपासून जी जी कृती केली असेल, ती प्रत्येक कृती त्यांच्या प्रतिसादाच्या विरुद्ध साक्ष देते.

कोरा कागद

मी सकाळपासून काय केले याची उठाठेव 'पूर्वपक्ष' यांनी करू नये. उदयनांचे नाव घेताना त्यांना वेदान्ती श्रीहर्षांनी बाराव्या शतकात दिलेले उत्तर सोयीस्करपणे वगळायचे, हीच माझ्या दृष्टीने खरी अप्रामाणिकता. श्रीहर्षांनी उदयनांचाच श्लोक थोडे शब्द फिरवून परत केला: व्याघात आहे म्हणता, तर शंका आहेच, कारण शंकेवाचून व्याघात कशाशी होणार?

राहता राहिली सफल प्रवृत्ती. आठव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मोत्तर यांचे उदाहरण आपल्याला ठाऊक असेलच. तहानलेल्या वाटसरूला दूर मृगजळ दिसते, त्याला तो पाणी समजतो, तिथे धावत जातो, आणि योगायोगाने तिथल्या एका खडकाखाली खरेच पाणी असते. प्रवृत्ती सफल झाली, समजूतही खरी ठरली, पण त्याला ज्ञान झाले होते का? १९६३ साली अमेरिकी तत्त्वज्ञ एडमंड गेटिए यांनी तीन पानांच्या निबंधात हीच मेख दाखवली आणि पाश्चात्त्य ज्ञानमीमांसेची घडी विस्कटून टाकली. आपली सारी यशस्वी विज्ञाने त्या वाटसरूच्या पाण्यासारखी नाहीत, हे आधी सिद्ध करा. मग माझ्या जेवणाची चौकशी करा.

बिंदुमात्र

इतके दूर जाण्याची गरजच नाही. सत्य अगम्य आहे हे तर्कशास्त्रज्ञ गोडेल यांनी १९३१ साली गणितानेच सिद्ध केले आहे. विषय संपला.

पूर्वपक्ष

गोडेल यांनी असे काहीही सिद्ध केलेले नाही. अंकगणित मांडता येईल अशा कोणत्याही सुसंगत, नियमबद्ध व्यवस्थेत अशी विधाने असतात की ती त्या व्यवस्थेत सिद्धही होत नाहीत आणि खंडितही होत नाहीत, एवढेच त्यांनी दाखवले. यातून सत्य आणि सिद्धता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे दिसते. ते सत्यवाद्याच्या बाजूचे आहे, आपल्या नव्हे.

सांजवेळ

मी इथे सहसा लिहीत नाही. ग्रह, मृगजळ आणि धूर यांच्यावरून चाललेली ही चर्चा वाचताना मात्र मला सतत वाटत राहिले की सत्याचा प्रश्न माणसाला जिथे खरोखर टोचतो त्या जागेला कोणी हातच लावत नाही.

माझे वडील गेले त्या संध्याकाळी आम्ही तिन्ही भावंडे त्यांच्या खाटेपाशी होतो. खोली लहान होती, दिवा उशाकडच्या भिंतीवर होता, आई पायथ्याशी बसली होती. ते काहीतरी बोलले आणि त्यानंतर बोलले नाहीत. माझ्या आठवणीत ते म्हणाले, "दिवा राहू दे." माझ्या भावाला आठवते की ते त्याच्याकडे पाहून म्हणाले, "दार लावून घे." धाकट्या बहिणीला आठवते, "आई कुठे आहे?" या गोष्टीला एकोणीस वर्षे झाली. आमच्यापैकी कोणीही खोटे बोलत नाही, कोणाचा त्यात काही लाभ नाही, आणि तिघांनाही त्यांचा आवाज कानात ऐकू येतो. भावाने त्या वाक्यावरून त्यांचा निरोप समजून घेतला की घर आता त्याने सांभाळायचे आहे, आणि त्याने ते सांभाळले. त्याचे वाक्य खोटे आहे असे मी त्याला कोणत्या तोंडाने सांगू? अशा ठिकाणी प्रत्येकाचे सत्य वेगळे असते, असे म्हणण्यावाचून मला तरी दुसरा मार्ग दिसत नाही.

अधोरेखित

आपल्या दुःखाचा पूर्ण आदर राखून लिहितो, पण इथे मला गप्प बसता येत नाही. त्या खोलीत त्या संध्याकाळी हवेत काही ध्वनी उमटले आणि काही उमटले नाहीत. तीन वाक्यांपैकी एक खरे असेल, तिन्ही एकामागून एक उच्चारली गेली असतील, किंवा एकही उच्चारले गेले नसेल. तिन्ही जण "हेच शेवटचे" म्हणत असतील तर किमान दोघे चुकत आहेत, आणि "प्रत्येकाचे सत्य" या शब्दांनी ते झाकले जाते, मिटत नाही.

आवाज कानात ऐकू येतो, हा पुरावा नव्हे. १९७४ साली लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवली आणि वेगाबद्दल विचारताना एका गटाला "आदळल्या" अशा अर्थाचा जोरकस शब्द वापरला, दुसऱ्याला "धडकल्या" असा सौम्य. आठवड्याने विचारले की फुटलेली काच दिसली होती का. पहिल्या गटातील ५० पैकी १६ जण हो म्हणाले, दुसऱ्यातील ५० पैकी ७. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर या अमेरिकी अवकाशयानाचा स्फोट झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी नायसर आणि हार्श या मानसशास्त्रज्ञांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून ती बातमी कुठे, कशी कळली हे लिहून घेतले, आणि सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या काहींना पुन्हा विचारले. सुमारे एक चतुर्थांश जणांचे उत्तर प्रत्येक बाबतीत चुकले, आणि स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवूनही त्यांची मूळ आठवण परत आली नाही.

आपल्या तिघांच्या बाबतीत याहून वेगळे घडले असेल असे मानायला मला आधार दिसत नाही.

सांजवेळ

आपण माझ्या वडिलांच्या मृत्यूला मोटारींच्या चित्रफितीशेजारी नेऊन बसवलेत, आणि आदर राखून लिहितो असे वर म्हणालात. आठवणी फसवतात हे मला आपल्याकडून शिकायचे नव्हते. एकोणीस वर्षे मी त्याच भीतीसोबत राहते आहे. माझा प्रश्न वेगळा होता. ज्या ध्वनीची आता कोणतीही खूण या जगात उरलेली नाही, त्याच्याविषयी "एकच खरे आहे" असे ठासून सांगताना आपल्या हाती नेमके काय असते? आपल्याला ते वाक्य माहीत नाही, कधी माहीत होणार नाही. तरीही ते आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असल्यासारखे आपण लिहिता.

कोरा कागद

'सांजवेळ' यांनी माझेच म्हणणे माझ्यापेक्षा चांगले मांडले आहे. 'अधोरेखित' यांचे सत्य म्हणजे कुलूप लावलेली खोली आहे; ती आहे याचा त्यांना अभिमान आहे, आणि किल्ली मात्र कोणाकडेच नाही.

मोजपट्टी

माझी सारी नोकरी वजने तपासण्यात गेली, म्हणून मला जे ठाऊक आहे तेवढेच सांगतो.

कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे प्रमाणाशी ताडून पाहण्यासाठी, आलेले वजन आम्ही आदल्या दिवशीच तराजूशेजारी ठेवून देत असू, कारण त्याचे आणि काट्याचे तापमान एक व्हावे लागते. ते हाताने कधी उचलायचे नाही, चिमट्यानेच. बोटाचा ठसा उमटला तरी काटा तो दाखवतो. वाचन घेताना माणसाने फार जवळ थांबायचे नाही, कारण अंगाच्या उबेनेही हवा हलते. इतके करून तेच वजन त्याच तराजूवर दहा वेळा ठेवले तर शेवटचे आकडे दहाही वेळा सारखे येत नाहीत. प्रमाणपत्रावर मी तीस वर्षांत एकदाही "खरे वजन" असे लिहिलेले नाही. आम्ही लिहितो तो मिळालेला आकडा, आणि त्यापुढे अधिक-उणे किती.

यावरून 'कोरा कागद' यांना वाटेल की मी त्यांच्या बाजूचा आहे. तसे नाही. ते अधिक-उणे कशाच्या भोवतीचे, हा प्रश्न मला नेहमी पडत असे, आणि वजन काही ना काही ठरलेले आहे असे मानल्याशिवाय ते लिहिताच येत नाही. परंतु 'अधोरेखित' यांच्या बाजूलाही मला पूर्ण उभे राहता येत नाही. १८८९ पासून २० मे २०१९ पर्यंत किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ जपून ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल होता. त्याच्या प्रतींशी त्याची तुलना केली तेव्हा शंभर वर्षांत सुमारे ५० मायक्रोग्रॅमपर्यंतची तफावत पडलेली दिसली. व्याख्येप्रमाणे तो दंडगोल बदलूच शकत नव्हता, म्हणजे प्रती जड झाल्या असेच म्हणणे भाग होते. तो स्वतः हलका झाला असेल, असे वाटणाऱ्यालाही ते विधान त्या भाषेत करता येत नव्हते. अखेर प्लांकचा स्थिरांक या निसर्गातल्या न बदलणाऱ्या आकड्यावर व्याख्या बांधली तेव्हा ती अडचण सुटली. निसर्ग ठरलेला असतो, पण त्याला प्रश्न विचारण्याची पट्टी आपण केलेली असते, हे मी हाताने अनुभवलेले आहे.

उशिराचा प्रवासी

मोजमापातली नम्रता सर्वांना असती तर माझ्या भावाचे अर्धे पोट शाबूत राहिले असते.

त्याला तरुणपणीच पोटात व्रण झाला. ज्या डॉक्टरांकडे आम्ही वर्षानुवर्षे जात होतो त्यांनी दर वेळी एकच निदान केले: स्वभाव तापट, चिंता जास्त, म्हणून आम्ल जास्त, म्हणून व्रण. अधिक-उणे काही नव्हते, "असेच आहे" होते. १९८६ साली शस्त्रक्रिया करून पोटाचा मोठा भाग काढला. त्याच्या चार वर्षे आधी, १९८२ मध्ये, ऑस्ट्रेलियातील पर्थ इथे वॉरन आणि मार्शल यांनी अशा रुग्णांच्या जठरातून एक जिवाणू वेगळा करून वाढवला होता. लोक ऐकेनात म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जिवाणू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. त्या दोघांना नोबेल मिळायला २००५ साल उजाडले. आज बहुतेक ठिकाणी याला प्रतिजैविकांचा काही दिवसांचा उपचार पुरतो.

शस्त्रक्रियेपेक्षा मला दुसरीच गोष्ट जास्त लागते. माझा भाऊ चौदा वर्षे स्वतःला दोष देत राहिला. मुलांवर आवाज चढला की तो गप्प होऊन दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचा, कारण राग आला की व्रण चिघळतो असे त्याला सांगितले होते. "आम्हाला सत्य कळते" या वाक्याची किंमत नेहमी दुसरेच कोणीतरी चुकवते. म्हणून मी ते वाक्य कोणाच्याही तोंडून ऐकून घेत नाही, 'अधोरेखित' यांच्याही नाही.

अधोरेखित

'उशिराचा प्रवासी' यांच्या भावाची हकिगत वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. तरीही त्यांना विचारतो, आणि कृपया हा वादातला डाव समजू नका: आपल्या भावावर अन्याय झाला असे आपण म्हणता ते कशाच्या आधारावर? १९८६ साली तो जिवाणू त्याच्या पोटात होता म्हणूनच ना? डॉक्टरांच्या दृष्टीने व्रण स्वभावाचा होता, भावाच्या दृष्टीनेही तोवर स्वभावाचाच होता. त्या खोलीतल्या सर्वांचे "आपापले सत्य" एकच होते, आणि सर्व जण चुकीचे होते. फिरत्या टिपणातला विचार मान्य केला तर आपली तक्रारच उरत नाही. डॉक्टरांचे त्यांच्यापुरते खरे होते, एवढे म्हणून आपल्याला परत यावे लागेल.

उशिराचा प्रवासी

जिवाणू तेव्हाही होता, हे मान्य आहे, मान्य करायला जड जात असले तरी. पण त्या डॉक्टरांनी नंतर कधीही "आमचे चुकले" असे म्हटले नाही. चूक सापडते हा आपला मुद्दा असेल तर ज्याला ती सापडली त्याने ती सांगितलीही पाहिजे, आणि आपल्या मूळ लेखात त्याविषयी एक शब्द नाही.

अधोरेखित

नाही, हे खरे आहे. तो शब्द असायला हवा होता.

कोरा कागद

तक्रारीसाठी सत्य गृहीत धरावे लागते, हा युक्तिवाद मला आवडला नाही, पण त्याचे खंडनही आज मला सुचत नाही, हे नोंदवून ठेवतो. गृहीत धरावे लागते यावरून ते कळते असे ठरत नाही, यावर मी ठाम आहे.

मोजपट्टी

'सांजवेळ' यांना एक विचारायचे होते, रुचले नाही तर उत्तर देऊ नये. आमच्याकडे तीन वाचने जुळत नसली की आम्ही सरासरी काढण्याआधी चौथे साधन शोधतो, आणि ते या तिघांहून स्वतंत्र असेल तरच त्याला किंमत देतो. शब्दांची सरासरी निघत नाही, हे मला कळते. त्या खोलीत चौथ्या व्यक्ती आपल्या आई होत्या. त्यांना काय आठवत होते?

सांजवेळ

आई आता नाही, आणि ती असताना आम्ही तिला हे कधी विचारले नाही. विचारले असते तर तिघांपैकी दोघांना गप्प बसावे लागले असते.

आपला प्रश्न वाचल्यावर काल रात्री मी तिची वही काढली. वडिलांच्या आजारपणात ती औषधांच्या वेळा एका जुन्या पाठकोऱ्या वहीत लिहून ठेवत असे. ती वही माझ्या कपाटात इतकी वर्षे आहे, पण ते पान मी कधी उघडले नव्हते. त्या संध्याकाळच्या चार नोंदी आहेत. शेवटची अशी: "८ ला पाणी, दोन चमचे. पुरे म्हणाले."

"पुरे" हा शब्द आमच्यापैकी एकालाही आठवत नाही.

अधोरेखित

मी आपल्याला आधी ज्या सुरात उत्तर दिले त्याबद्दल क्षमा मागतो. आता जे विचारतो ते केवळ मूळ प्रश्नासाठी. ती नोंद कधी लिहिलेली आहे हे कळायला काही मार्ग आहे का? त्या विद्यार्थ्यांच्या बाबतीतही सारा भर याच गोष्टीवर होता, की पहिला कागद दुसऱ्या दिवशी लिहिलेला होता.

सांजवेळ

मीही पान उजेडाखाली धरून तेच पाहत बसले होते. आधीच्या दिवसांत प्रत्येक नोंद वेगळ्या वेळी लिहिल्याचे दिसते. कधी पेन्सिल, कधी काळे पेन, अक्षर कधी सरळ, कधी घाईचे. त्या दिवसाच्या चारही नोंदी एकाच निळ्या पेनाने, एकाच संथ अक्षरात आहेत. खाली दुसऱ्या दिवसाची तारीख घातलेली आहे आणि ती खोडली आहे. म्हणजे तिने हे पान रात्री सगळे झाल्यावर किंवा सकाळी बसून लिहिले असावे, आठवून. त्यामुळे तिचीही ती आठवणच, आमच्यापेक्षा एकोणीस वर्षांनी ताजी. आणि पुरे म्हणाल्यावर ते आणखी काही बोललेच नाहीत, असे तिने लिहिलेले नाही.

आपले एक म्हणणे मला मान्य करावे लागते आहे. ती ओळ वाचताना "हे आईचे सत्य" असे माझ्या मनात आले नाही. मी लगेच, खरोखर ते काय म्हणाले असतील, हेच शोधू लागले.

अधोरेखित

मीही माझ्याकडचे मान्य करतो. त्या खोलीत जे घडले ते ठरलेले आहे, हे मी सोडणार नाही. परंतु घडलेले प्रत्येक सत्य कधी ना कधी कोणाच्या तरी हाती येतेच, असा जो सूर माझ्या मूळ लेखनात लागला होता तो चुकीचा होता. बुध अजून फिरतो आहे, त्याला पुन्हा पाहता येते. त्या संध्याकाळला पुन्हा पाहता येत नाही. या दोन्हींना मी एकाच वाक्यात बसवायला नको होते.

कोरा कागद

एवढे लेखकाने पहिल्या दिवशी लिहिले असते तर मी उत्तर दिलेच नसते. नेपच्यूनबद्दलचे माझे म्हणणे मात्र मी मागे घेतलेले नाही.

मोजपट्टी

भावाला आणि बहिणीला ते पान दाखवणार आहात का?

सांजवेळ

बहिणीला आज पाठवले. तिचा अजून काही निरोप नाही. भावाला अजून दाखवलेले नाही. वही परत कपाटात ठेवताना लक्षात आले की आधीच्या तीन नोंदींत आईने वेळेपुढे फक्त औषधाचे नाव लिहिले आहे. ते काय म्हणाले, हे तिने फक्त त्या एकाच ओळीत लिहिले आहे.